ऑपरेशनच्या आधी आणि घरी जाताना पेशंटला नक्की काय कळायला हवं?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. आमचा भाग उसाचा, दवाखाना मध्यम आकाराचा. मुतखडा, हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, मूळव्याध ही आमची रोजची ऑपरेशनं. या मंचावर डॉक्टरही आहेत आणि पेशंटचे नातेवाईकही, म्हणून हा विषय इथे मांडते.

ऑपरेशन नीट पार पडतं आणि तरी पेशंट काही दिवसांनी भलताच त्रास घेऊन परत येतो, असं वारंवार घडतं. चौकशी केली की कळतं, सुटी होताना कुणीतरी घाईघाईत चार गोष्टी सांगितल्या होत्या. त्या वेळी पेशंटचं लक्ष बिलाकडे, नातेवाइकांचं गाडीकडे. घरी जाईपर्यंत त्यातली एखादीच लक्षात राहिली.

मुतखड्याचंच उदाहरण घ्या. दुर्बिणीतून खडा काढला की बरेचदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक लवचिक नळी आत ठेवतात. आम्ही तिला डीजे स्टेंट किंवा नुसतं डीजे म्हणतो. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून ती असते आणि काही आठवड्यांनी काढावीच लागते. बाहेरून काही दिसत नाही. खडा गेला, कळा थांबल्या, म्हणजे पेशंटच्या लेखी काम संपलं. डिस्चार्ज कार्डावर डीजे काढण्याबद्दल इंग्रजीत एक ओळ असते. कार्ड औषधांच्या पिशवीत जातं, पिशवी खुंटीला.

आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात बीड, पाथर्डी, आष्टीकडची माणसं येतात. हंगामात ऑपरेशन होतं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळी गावाकडे निघते. डीजे काढायची तारीख नेमकी त्याच्या पुढची. फाईलमधला मोबाईल नंबर मुकादमाचा किंवा बंद पडलेला. असाच एक तोडणी कामगार पुढच्या हंगामात ताप आणि कंबरदुखी घेऊन आला. एक्स-रेमध्ये नळीच्या दोन्ही टोकांच्या वेटोळ्यांवर खड्याचा पांढरा थर चढलेला स्पष्ट दिसत होता. जागा बधिर करून थोड्या वेळात निघाली असती ती नळी, तिच्यासाठी पुन्हा पूर्ण भूल आणि पुन्हा मोठं ऑपरेशन. तो म्हणाला, "सिस्टर, आत नळी हाय हे मला कुणी बोललंच न्हाई." फाईलमधल्या संमतिपत्रावर त्याचा अंगठा होता.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात डीजेचं रजिस्टर वेगळं आहे. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी मी पेशंटला आणि त्याने सांगितलेल्या घरच्या एका माणसाला बसवते, एक्स-रे उजेडाला धरून नळी दाखवते. लघवीला वारंवार लागेल, लघवी करताना कमरेत दुखेल, मधूनच लघवी लालसर होईल, भरपूर पाणी प्यायचं, हे सांगते. थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी यायचं. मग विचारते, "घरी आईनं विचारलं, काय काय केलं दवाखान्यात, तर काय सांगाल?" उत्तर ऐकलं की कुठली गोष्ट निसटली ते लगेच समजतं. "कळलं का?" असं विचारलं तर माणसं मान डोलावतात. मोठ्या माणसापुढे 'नाही कळलं' म्हणायची आपल्याकडे सवय नाही. गावी जाणार असतील तर तिथल्या जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात डीजे निघेल तेही कार्डावर मराठीत लिहून देते.

तुमच्याकडे काय अनुभव? काय सांगितलं गेलं, काय राहिलं, काय सांगायला हवं होतं?

डॉ_चैत्र

धागा फार गरजेचा आहे. मी भूलतज्ज्ञ. माझ्या बाजूने उपाशी राहण्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

भुलेत घशाचे रक्षण करणारे प्रतिक्षेप, म्हणजे ठसका-खोकल्यासारख्या आपोआप होणाऱ्या क्रिया, जातात. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पोट रिकामं ठेवायचं ते त्यासाठी. हे कारण पेशंटला सांगितलं जात नाही, नुसतं "रात्री बारानंतर काही नाही" एवढाच हुकूम असतो. मग दोन टोकं दिसतात. एकीकडे सत्तरीच्या आजी दुपारच्या ऑपरेशनसाठी आदल्या रात्रीपासून थेंबभर पाण्याविना बसलेल्या. दुसरीकडे सकाळी "काही नाही हो, फक्त चहा घेतला" म्हणणारे काका.

सर्वसाधारण नियम असा: तळलेलं, मटण असं जड जेवण असेल तर ८ तास, हलकं खाणं किंवा दूध ६ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा दुधाच्या हिशेबात धरायचा. कोऱ्या चहाला पाण्याचा नियम लागतो. मधुमेह, लठ्ठपणा, गरोदरपण, आतड्याला अडथळा यांत हे बदलतं, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या भूलतज्ज्ञाचा. पण कारण समजलेला माणूस चहा लपवत नाही, हे मी पाहत आलो आहे.

दुसरं गोळ्यांचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका. हृदयात स्टेंट असलेल्याने अ‍ॅस्पिरिन परस्पर थांबवली तर स्टेंट बंद पडण्याचा धोका असतो. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साधारण ३ दिवस आधी थांबवतात. त्या चालू राहिल्या तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं आणि ते चटकन लक्षात येत नाही. हल्ली या गोळ्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत येतात, म्हणून नुसतं "शुगरची एक गोळी" न सांगता पाकीटच घेऊन या.

आणि मिशरी. "तंबाखू खाता का" विचारलं की बायका नाही म्हणतात, आणि खरंच खात नसतात. "मिशरी लावता का" असा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. हलणारे दात, कवळी, काढ्याच्या पुड्या, झाडपाल्याचं औषध, सगळं सांगा. आमच्याकडून कुणी रागावत असेल तर तो आमचा दोष. पण लपवू नका.

तगर

कृष्णाकाठताई, मनापासून आभार. माझ्या सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा इतका दुखायला लागला की आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. रात्री सगळं घर जागं. नंतर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट फुगवायला जो गॅस भरतात त्यामुळे असं दुखतं, दोन-तीन दिवसांत जाईल. गेलंही. हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती.

आता खाण्याबद्दल विचारते. आमच्याकडे सांगतात की भात दिला की टाक्यात पाणी होतं, वांगं-बटाटा-डाळ दिली की टाके पिकतात, आंबट तर बिलकूल नको. सासूबाई कित्येक दिवस भाकरी आणि ज्वारीच्या कण्यांवर होत्या. अशक्तपणा किती आला! यात खरं काय?

कृष्णाकाठ

तगर, भाताने टाक्यात पू होत नाही. जखम पिकते ती जंतूंमुळे, आणि साखर वाढलेली असेल, तंबाखू चालू असेल किंवा अंगात ताकद नसेल तर ती लवकर पिकते. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, अंडं, दूध, मासे बंद केले तर भरणं लांबतं. आंबटाचंही तेच. लिंबू, आवळा, संत्र्यातलं क जीवनसत्त्व नवी कातडी विणायला लागतं. पित्ताशय काढल्यावर सुरुवातीला तेलकट-तुपकट कमी ठेवायला सांगतात ते पचनासाठी, टाक्यांसाठी नाही. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर आहार विचारूनच ठरवायचा.

हे सांगताना मी घरातल्या आजीला समोर बसवते. सुनेला सांगून उपयोग नसतो, कारण ताटात काय पडणार ते सून ठरवत नाही. आजीला मान देऊन, "तुमच्या हातची मुगाची खिचडी यांना रोज पाहिजे, वर थोडं तूप चालेल का ते डॉक्टरांना विचारून सांगते" असं म्हटलं की आजी बाजूने होतात. आणि जखमेवर हळद, खोबरेल, राख काही नको, हेही आजीलाच सांगते.

रानवाटा

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. माझ्या वडिलांची बायपास होती. आदल्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी धोक्यांची यादी त्यांना वाचून दाखवली: पक्षाघात, किडनी, मृत्यू. बाबा रात्रभर झोपले नाहीत, सकाळी ऑपरेशनच नको म्हणून बसले. आम्ही भावंडांनी हातापाया पडून तयार केलं. सगळं सांगायलाच पाहिजे का? काही माणसांना न सांगितलेलं बरं असतं. आपल्याकडे घरची माणसं असतातच की ऐकायला.

डॉ_चैत्र

रानवाटा, तुमच्या बाबांना जे मिळालं ती फॉर्म भरण्यापुरती यादी होती. काय होऊ शकतं ते सांगितलं, पण काय होणार आहे ते सांगितलंच नाही. जाग आल्यावर तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही, हात सैल बांधलेले असतील, शेजारी सिस्टर असेल, नळी काढल्यावर घसा थोडा धरेल, हे कुणी सांगितलं होतं का? बायपासचे पेशंट पुढे जी भीती सांगतात ती बहुतेक या जाग येण्याच्या तासाची असते.

जुना पण माझ्या आवडीचा अभ्यास आहे. १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट घेतले. एका गटाला सांगितलं की कुठे दुखेल, का दुखेल, किती दिवस, स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं. दुसऱ्या गटाशी दुखण्याबद्दल काही बोलले नाहीत. कोण कुठल्या गटात हे सर्जनना माहीत नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं त्यांना वेदनाशामक नार्कोटिक औषध जवळजवळ निम्मं लागलं आणि सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. म्हणजे बोलणं हाही उपचारच झाला. माझ्या विषयातला हा अभ्यास मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देतो.

पारगावकर

कायद्याच्या बाजूने थोडं. घरच्यांना सांगितलं म्हणजे झालं, हे कायद्याला मान्य नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. पेशंट सज्ञान आहे, तात्पुरती भुलेत आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर तिच्या जागी आई संमती देऊ शकत नाही. तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती धरता येत नाही, असंही न्यायालय म्हणालं. संमती देण्याआधी पेशंटला पुरेशी माहिती मिळायला हवी, हा त्या निकालाचा गाभा.

तेव्हा रानवाटा, बाबांनी स्वतः "मला तपशील नको, मुलाला सांगा" म्हटलं तर ती त्यांची इच्छा. पण ते विचारायचं त्यांना.

जाता जाता: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर सुटीनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं योजनेत धरलेली असतात. अनेकांना माहीत नसतं आणि ड्रेसिंगसाठी पदरचे पैसे जातात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

रानवाटा

हे पटलं. बाबांना कुणी विचारलंच नव्हतं, आम्हीही नाही. हात बांधलेले असतील हे त्यांना माहीत नव्हतं. त्याबद्दल ते अजून बोलतात.

चालतंबोलतं

मी फिजिओथेरपिस्ट. आम्हाला सहसा ऑपरेशननंतर बोलावतात: पेशंट कण्हतोय, नळ्या लागल्यात, आणि आम्ही तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र हातात देऊन म्हणतो, "ओढा." तो आत ओढायच्या जागी फुंकर मारतो. त्या अवस्थेत नवीन काही शिकणं फार अवघड असतं.

हेच आधी शिकवलं तर काय होतं याचा चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ३ रुग्णालयांत पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनचे ४४१ पेशंट घेतले, निकाल २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माहितीपुस्तिका सगळ्यांना दिली. निम्म्यांना त्याशिवाय फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनआधी एकदाच ३० मिनिटं समोर बसून समजावलं की छातीत कफ का साठतो, आणि जाग आल्याबरोबर दर तासाला कसे खोल श्वास घ्यायचे. पुस्तिकावाल्यांत फुप्फुसांचे त्रास २७ टक्क्यांना झाले, समजावलेल्यांत १२ टक्क्यांना. छापील कागद हातात दिला म्हणजे शिकवलं असं होत नाही, हे याहून स्पष्ट काय असेल?

मी काय शिकवते ते लिहिते. खोकताना उशी घडी करून टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबायची. उठताना सरळ उठायचं नाही. आधी गुडघे दुमडायचे, कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने अंग वर ढकलायचं. पलंगावर असतानाही पावलं वर-खाली हलवत राहायची, म्हणजे पोटऱ्यांत रक्त साकळत नाही. हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष करून घेतलं की दुसऱ्या दिवशी अंगाला आठवतं. आणि "आराम करा" हा सल्ला नुसता देऊ नका. आपल्याकडे आरामाचा अर्थ महिनाभर पडून राहणं. त्या पडून राहण्यानेच ताकद जाते.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये आईचा गुडघा बदलला, तेव्हाचं सांगतो. ऑपरेशनआधी काही आठवडे गुडघा-खुब्याच्या पेशंटांचा एकत्र वर्ग असतो. सिस्टर, फिजिओ, घरातल्या सोयी बघणारे थेरपिस्ट सगळे बोलतात. कृत्रिम सांधा हातात घेऊन बघता येतो. घरातल्या खुर्चीची उंची मोजून आणायला सांगतात. आईला इंग्रजी अवघड, म्हणून दुभाषी मिळाली, तीही मराठी. आईने तिला पहिला प्रश्न विचारला, "देवापुढे मांडी घालून बसता येईल का?" तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. उत्तर मिळालं की बहुतेक नाही, पाटाऐवजी खुर्ची घ्या. आईने पोथी वाचायला उंच चौरंग आधीच करून घेतला.

पण भारतात एक गोष्ट आहे जी इथे नाही. पेशंटजवळ चोवीस तास घरचं कुणीतरी असतं. नूरा हेल्थ ही संस्था नारायणा हेल्थच्या रुग्णालयांपासून सुरू झाली ती हेच ओळखून. वॉर्डाबाहेर तासन् तास बसलेल्या नातेवाइकांना हात धुणं, जखम बघणं, औषधांच्या वेळा, धोक्याची लक्षणं हे चित्रं आणि व्हिडिओ दाखवून त्यांच्या भाषेत शिकवायचं. तो वेळ आपल्या प्रत्येक रुग्णालयात रोज वाया जातो.

काजवा

येत्या गुरुवारी वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, जाळी बसवणार आहेत. वय ६८, मधुमेह आहे, इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिनच) चालू आहे. धागा वाचून लक्षात आलं की आम्ही खर्च आणि खोली सोडून काहीच विचारलेलं नाही. काय विचारू?

कृष्णाकाठ

काजवा, आज-उद्याच फोन करा किंवा जाऊन या, गुरुवारची वाट बघू नका. गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा आणि एकेक दाखवून विचारा: ही चालू, की बंद, बंद तर कधीपासून, आणि परत कधी सुरू. उत्तर पाकिटावरच पेनाने लिहून घ्या. ऑपरेशन किती वाजता आणि त्या हिशेबाने शेवटचं जेवण व शेवटचं पाणी कधी. भूल पूर्ण की पाठीतली. पाठीतली असेल तर पाय काही तास जड राहतील, एकट्याने उठायचं नाही. नंतर बसलं की डोकं खूप दुखतंय आणि आडवं झालं की थांबतंय असं झालं तर अंगावर न काढता कळवायचं. हर्नियानंतर वयस्क पुरुषांना लघवी तुंबते, ते लाजून सांगत नाहीत. घरी सोडण्याआधी लघवी मोकळी झाली का ते विचारा. वडिलांना आधीपासून लघवीला जोर करावा लागत असेल किंवा जुना खोकला, बद्धकोष्ठता असेल तर ते आत्ताच डॉक्टरांना सांगा, कारण नंतर जोर पडणं चांगलं नाही.

सुटीच्या वेळी विचारायचं: ड्रेसिंग कधी, आंघोळ कधी, टाके काढायचे की विरघळणारे, वजन किती आणि कधीपासून उचलायचं, गाडी कधी चालवायची, आणि रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कुणाला. ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, न थांबणारं दुखणं, एका पोटरीला सूज, दम लागणं, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता जायचं. जखमेपाशी आणि अंडकोशावर थोडी सूज, काळंनिळं होणं हे बऱ्याच जणांना होतं, त्याने घाबरू नका. ती झपाट्याने वाढली तर मात्र दाखवा.

आणि हे सगळं वडिलांच्या समोर विचारा. त्यांचेही काही प्रश्न असतील.

काजवा

आज जाऊन आलो. पाकिटं नेली हे फार बरं झालं. मधुमेहाच्या एका गोळीत डापाग्लिफ्लोझिन निघालं, ती रविवारपर्यंतच घ्यायची, सोमवारपासून बंद. त्याऐवजी साखर रोज तपासून कळवायची. इकोस्प्रिन चालू ठेवायला सांगितली. ऑपरेशन ११ वाजता, पाणी सकाळी ९ पर्यंत चालेल. वडिलांनी स्वतः विचारलं, शेतात पंपाचं बटण दाबायला कधी जाता येईल. डॉक्टर म्हणाले, बटण दाबायला आठवड्याने जा, पाइप मात्र उचलायचे नाहीत, ते दीड-दोन महिन्यांनी बघू.

डॉ_चैत्र

उत्तम. एकच लक्षात ठेवा, यादीत ऑपरेशन मागे-पुढे होतं. सकाळी वेळ बदलल्याचं कळलं तर पाण्याची वेळही फोन करून पुन्हा विचारा, आणि साखर कमी झाल्यासारखं वाटलं, घाम आला, हात थरथरले तर वाट न बघता वॉर्डात सांगा.